हलका हात : फायब्रोमायल्जियाच्या वेदनेवर घरच्या घरी मालिश

दर पौर्णिमेला विहारात आपण वंदनेसाठी एकत्र जमतो. त्रिसरण-पंचशील होते, प्रवचन सुरू होते. अशा वेळी मागच्या भिंतीकडे बसलेल्या माता-भगिनींकडे एकदा लक्ष द्यावे. एकीने पाय लांब केलेला असतो, दुसरीने भिंतीला पाठ टेकलेली असते, तिसरी आपल्याच हाताने आपला खांदा दाबत असते. काय होते म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले असते. "काही नाही, वाताचं आहे. अंग ठणकतं." आणि विषय तिथेच संपतो.

प्रस्तुत लेखात आम्ही या 'काही नाही' विषयीच लिहिणार आहोत. अंगावर काढल्या जाणाऱ्या सर्वच दुखण्यांचे कारण एक नसते. मात्र त्यांपैकी काहींना वैद्यकशास्त्रात एक निश्चित नाव आहे. ते नाव फायब्रोमायल्जिया. या व्याधीत घरातल्या माणसाच्या हलक्या हाताने काही प्रमाणात आराम पडू शकतो. तो हात कसा फिरवावा, किती दाबावे, कधी मुळीच दाबू नये, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे. समाजातील विद्यार्थी-विद्यार्थिनींनी हा लेख विशेष लक्षपूर्वक वाचावा अशी आमची इच्छा आहे, कारण घरात आईच्या पाठीवरून हात फिरवण्याची वेळ बहुधा त्यांच्यावरच येते.

एक मावशी

आमच्या वस्तीत एक मावशी आहेत. वय पंचेचाळिशीच्या आसपास. आपल्या बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबांप्रमाणे त्यांनीही नवऱ्याबरोबर वर्षानुवर्षे ऊसतोड केली. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घ्यायची, पश्चिम महाराष्ट्रातला किंवा कर्नाटकातला कारखाना गाठायचा, कोपीत संसार मांडायचा आणि उन्हाळा तोंडावर आला की परतायचे. पहाटे काळोखात उठणे, वाकून ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवणे. त्यातून रात्री-अपरात्री गाडी भरायला आली की झोपेचा पत्ता नाही. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. एकाने खाडा केला तर दोघांचा हिशेब कापला जातो, म्हणून दुखले तरी कोणी बसत नाही.

मावशींचे दुखणे आधी मानेत सुरू झाले. मग खांदे, कंबर, मांड्या, पोटऱ्या असे करीत सर्वांगात पसरले. रात्रभर पडून राहिल्या तरी सकाळी उठताना अंग काठीने झोडपल्यासारखे वाटे. रक्त तपासले, एक्स-रे काढले, सगळे रिपोर्ट चांगले आले. मग घरात कुजबुज सुरू झाली. "रिपोर्टमध्ये काही नाही म्हणजे हिला कामच करायचं नाही." कोणी म्हणाले बाहेरचे आहे, देवऋषीकडे न्या. कोणी गुडघ्यावर बिब्बा घातला, त्याची जखम महिनाभर चिघळली. असे सुमारे चार वर्षे चालले. शेवटी एका डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले, अंगाला जागोजागी हात लावून पाहिला आणि आजाराचे नाव सांगितले. त्या दिवशी मावशी घरी येऊन रडल्या. औषध मिळाले म्हणून नव्हे, तर आपण खोटे बोलत नव्हतो हे कुणीतरी मान्य केले म्हणून!

हा आजार म्हणजे काय?

'फायब्रा' म्हणजे तंतू, 'मायो' म्हणजे स्नायू आणि 'अल्गोस' म्हणजे वेदना. या तीन शब्दांपासून फायब्रोमायल्जिया हा शब्द बनला. १९०४ साली इंग्लंडमधील डॉक्टर विल्यम गोवर्स यांनी अशा दुखण्याला 'फायब्रोसायटिस' म्हटले होते. स्नायूंच्या तंतूंना सूज येत असावी अशी त्यांची समजूत होती. पुढे तपासणीत अशी सूज आढळली नाही, म्हणून ते नाव मागे पडले.

या आजाराची मुख्य लक्षणे अशी :

१. शरीराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या वर व खालीही पसरलेली वेदना, किमान तीन महिने टिकलेली.
२. झोप होऊनही ताजेतवाने न वाटणे आणि सततचा थकवा.
३. गोष्टी न आठवणे, लक्ष न लागणे, बोलताना शब्द न सापडणे.
४. साध्या दाबानेही दुखणे. बांगडी चढवताना, कडेवर मूल घेताना, साडीची गाठ आवळताना कळ येणे.
५. याच्या जोडीला डोकेदुखी, पोटाच्या तक्रारी, थंडी वा मोठा आवाज सहन न होणे, मन खिन्न राहणे.

१९९० साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने निदानाचे नियम ठरवले. शरीरावरील १८ ठरावीक जागा अंगठ्याने सुमारे ४ किलो इतक्या दाबाने दाबायच्या. त्यांपैकी ११ जागा दुखल्या तर निदान पक्के समजायचे. २०१० साली हे नियम बदलले आणि २०१६ साली त्यांत आणखी सुधारणा झाली. आता जागा मोजण्यापेक्षा वेदना किती भागांत पसरली आहे, झोप, थकवा व स्मरण यांची स्थिती काय आहे, यावर भर दिला जातो. जगभरच्या पाहण्यांवरून शंभरात सुमारे दोन ते चार लोकांना हा आजार असतो असे मानतात. पुरुषांनाही तो होतो, पण स्त्रियांत प्रमाण जास्त आढळते.

आपल्या महाराष्ट्रातही अंगदुखीची मोठी पाहणी झालेली आहे. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघरी जाऊन ४,०९२ प्रौढांची विचारपूस केली. त्यात ७४६ जणांना, म्हणजे शंभरात अठरा लोकांना, सांधे-स्नायूंची काही ना काही तक्रार होती. ही सर्व माणसे फायब्रोमायल्जियाची नव्हती हे उघड आहे. परंतु खेड्यातील माणूस कष्टाळू असतो म्हणून त्याचे अंग दुखत नाही, या समजुतीला त्या पाहणीने चांगलाच धक्का दिला.

वेदना खरी, मग रिपोर्ट चांगला कसा?

हा प्रश्न घरातील प्रत्येकाला पडतो, म्हणून त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

जयंतीच्या दिवशी मंडपात ध्वनिक्षेपक लावलेला असतो. त्याचा आवाज वाढवणारी कळ कोणी पूर्ण फिरवून ठेवली तर काय होते? वक्ता हळू बोलला तरी कानठळ्या बसतात. साधा कागद सळसळला तरी मोठा आवाज होतो. यात दोष वक्त्याचा नसतो, कागदाचाही नसतो. कळ जास्त फिरलेली असते. फायब्रोमायल्जियात मेंदू व मज्जारज्जू यांतील वेदनेची कळ अशीच वाढलेली असते. स्नायूंकडून साधा संदेश गेला तरी मेंदूपर्यंत तो मोठी वेदना होऊन पोहोचतो. एक्स-रे हाडांचा फोटो काढतो, रक्ततपासणी रक्तातले दोष दाखवते. कळ कुठे फिरली आहे हे या दोहोंतही दिसत नाही. म्हणून रिपोर्ट चांगला येतो आणि वेदना मात्र खरी असते. २०१७ साली वेदनाविषयक आंतरराष्ट्रीय संघटनेने अशा वेदनेचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून स्वीकार केला.

कळ का फिरते याचे एकच कारण सांगता येत नाही. काही घराण्यांत प्रवृत्ती असते. अपघात, मोठे आजारपण, अपुरी झोप, दीर्घकाळचा मानसिक ताण यांनी भर पडते. दिलाशाची गोष्ट ही की या आजाराने सांधे वाकडे होत नाहीत, माणूस लुळा पडत नाही आणि तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

आधी तपासणी, मग मालिश

मालिशकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो. सर्वांगदुखी म्हणजे फायब्रोमायल्जियाच, असे घरी बसून ठरवू नये. रक्त कमी असणे, थायरॉईडचा दोष, ड जीवनसत्त्वाची कमतरता, खरा संधिवात, मधुमेह यांतही अंग दुखते आणि त्यांचे उपचार वेगळे आहेत. बीडचे जिल्हा रुग्णालय आणि अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय ही आपल्या जिल्ह्यातील मोठी सरकारी ठिकाणे आहेत. तिथे जाऊन एकदा नीट तपासून घ्यावे.

दुखण्याचे नाव न कळता उपचार करीत सुटण्याचा धोका आपल्या जिल्ह्याइतका क्वचितच कुणी सोसला असेल. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजल्यावर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात पाहणी झालेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहा जणींमागे जवळजवळ एक! या शस्त्रक्रियांचा संबंध फायब्रोमायल्जियाशी होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्यामागे गरिबी, खाड्याची भीती, स्वच्छतेच्या सोयींचा अभाव अशी अनेक कारणे होती. पण बाईच्या दुखण्याची नीट चौकशी न करता घाईने निर्णय घेतला की काय होते, याचा हा धडा आपल्या डोळ्यांसमोर आहे.

औषधांविषयी थोडक्यात. या आजारावर काही गोळ्या उपयोगी पडतात. त्या वेदनेची कळ खाली आणण्यास व झोप सुधारण्यास मदत करतात आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या असतात. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा फारसा फायदा होत नाही. दुकानातून स्वतःच्या मनाने आणून रोज खाल्ल्यास मूत्रपिंडाला व पोटाला इजा होते. स्टिरॉईडचा या आजारात उपयोग नाही. सर्वात भरवशाचा उपाय म्हणजे हळूहळू वाढवत नेलेला नियमित व्यायाम. २०१७ साली युरोपातील संधिवाततज्ज्ञांनी साऱ्या उपायांचा अभ्यास करून ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाचीच.

मालिशविषयी शास्त्र काय म्हणते?

इथे प्रामाणिक राहिले पाहिजे. मालिशने हा आजार बरा होत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ९ चाचण्या व ४०४ रुग्णांचा एकत्रित विचार केला गेला. पाच आठवडे किंवा अधिक काळ मालिश घेतलेल्या रुग्णांची वेदना, चिंता व खिन्नता कमी झाल्याचे त्यात दिसले. मात्र या चाचण्या लहान होत्या, त्यामुळे वर उल्लेखिलेल्या युरोपातील तज्ज्ञांनी मालिशला आपल्या शिफारशीत स्थान दिले नाही. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवून आम्ही असे म्हणतो की, मालिश हा व्यायाम व औषधाला घरचा, बिनखर्चाचा जोड उपाय आहे. तो त्यांच्या जागी बसत नाही.

आराम का पडतो? लहान मूल गुडघ्यावर पडले की आई फुंकर घालते आणि हात फिरवते. मूल शांत होते. १९६५ साली मेलझॅक व वॉल या दोन शास्त्रज्ञांनी याचे एक स्पष्टीकरण दिले. मज्जारज्जूत जणू एक फाटक आहे आणि स्पर्शाचे संदेश आले की वेदनेच्या संदेशांसाठी ते काहीसे बंद होते. पुढे असेही आढळले की आपल्या केसाळ त्वचेत काही बारीक मज्जातंतू केवळ हळुवार स्पर्शासाठीच आहेत. हात सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या सावकाश फिरला की ते सर्वात चांगला प्रतिसाद देतात. आपल्या आज्यांना हे आकडे ठाऊक नव्हते, पण त्यांचा हात याच वेगाने फिरत असे.

रगडणे नव्हे, हात फिरवणे

मालिश आपल्या घरांना नवी नाही. बाळाला न्हाऊ घालण्यापूर्वी, बाळंतिणीला शेकण्यापूर्वी तेल लावले जाते. परंतु कष्टकऱ्यांच्या घरात मालिश म्हणजे रगडणे अशीच समजूत आहे. जितके जोरात तितके चांगले! थकलेले आजोबा पालथे झोपतात आणि नातवाला पाठीवर उभे करून अंग तुडवून घेतात. निरोगी स्नायूंना ते चालून जाते. फायब्रोमायल्जियात मात्र याने नुकसान होते. ज्या शरीरात वेदनेची कळ आधीच वाढलेली आहे, तिथे जोराचा दाब म्हणजे ध्वनिक्षेपकासमोर ओरडणे.

मावशींच्या घरी हेच घडले. महाविद्यालयात शिकणाऱ्या त्यांच्या मुलीने आईची कीव येऊन एका रात्री सगळी ताकद लावून पाठ रगडून दिली. पुढचे दोन दिवस मावशींना उठता आले नाही. मुलगी घाबरली, तिने हात लावणेच सोडले. डॉक्टरांनी नंतर तिला एवढेच सांगितले की तुझा हात बरोबर आहे, फक्त दाब चुकीचा आहे. तेव्हापासून ती ज्या पद्धतीने मालिश करते, तीच आम्ही खाली मांडली आहे.

पद्धत

वेळ : रात्री झोपण्यापूर्वी किंवा कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर. जेवल्याबरोबर नको. सुरुवातीला दहा मिनिटे, आठवड्यातून दोन-तीन वेळा. मानवले तर पंधरा-वीस मिनिटांपर्यंत वाढवावे. निदान पाच-सहा आठवडे सातत्य ठेवावे, एका दिवसात निकाल मागू नये.

जागा : वारा लागणार नाही अशी. थंडीने स्नायू आखडतात, म्हणून ज्या भागाला तेल लावतो तेवढाच उघडा ठेवून बाकी अंगावर चादर असावी. सतरंजीवर गोधडी घालून रुग्णाला कुशीवर झोपवावे आणि दोन गुडघ्यांमध्ये घडी केलेले लुगडे ठेवावे. खाली बसता-उठता येत नसेल तर खुर्चीवर उलटे बसून पाठीच्या बाजूवर उशी ठेवून तिच्यावर डोके टेकावे.

तेल : करडई, तीळ, खोबरेल, घरात जे असेल ते. दोन चमचे पुरे. तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करावी आणि आधी आपल्या मनगटावर थेंब टाकून पाहावा. तेलाचे काम हात सहज सरकू देणे एवढेच आहे. त्यासाठी महागड्या बाटल्यांवर पैसा घालवू नये. बिब्बा किंवा कातडी जाळणारे कोणतेही लेप लावू नयेत. तेलाच्या पायाने फरशीवर चालू नये, आधी पाय पुसावेत.

दाब : डॉक्टर तपासताना अंगठ्याचे नख पांढरे पडेल इतके दाबत, तो दाब सुमारे ४ किलोचा. आपला दाब त्याच्या कितीतरी आत हवा. नखाचा रंग बदलता कामा नये. अंगठ्याची टोके, कोपर, बुक्की वापरू नये. पूर्ण तळहात वापरावा. रुग्णाला विचारत राहावे, 'शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, तर आता किती?' मालिशमुळे होणारी कळ तीनच्या वर गेली की हात हलका करावा. 'सोसून घे, मग बरं वाटेल' हे वाक्य या मालिशमध्ये वर्ज्य आहे. ज्याचे अंग दुखते त्याचाच शब्द शेवटचा.

क्रम असा ठेवावा :

१. दोन्ही हात एकमेकांवर चोळून ऊबदार करावेत. अंगठी, बांगड्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत.
२. एक हात खांद्यावर, एक कमरेवर नुसता ठेवून अर्धा-एक मिनिट थांबावे. रुग्णाने सावकाश श्वास घ्यावा व सोडावा.
३. पाठ : मणक्याच्या हाडावर दाब न देता दोन्ही बाजूंनी कमरेपासून खांद्यापर्यंत तळहात वर न्यावा आणि बाजूने खाली आणावा. असे आठ-दहा वेळा.
४. खांदे व मान : खांद्यावरून दंडाकडे हात ओघळू द्यावा. मानेच्या मागे केसांच्या कडेपासून खांद्यापर्यंत खाली यावे. मानेच्या पुढच्या बाजूला हात लावू नये.
५. हात : मनगटाकडून कोपराकडे व दंडाकडे. कोपर ते मनगट एवढे अंतर पार करायला सावकाश पाच आकडे मोजावेत, म्हणजे वेग बरोबर बसतो. शेवटी तळवा आणि एकेक बोट.
६. पाय : घोट्याकडून गुडघ्याकडे, गुडघ्याकडून मांडीकडे. पोटरी हळवी असते, तिथे आणखी हलके. तळपायाला मात्र किंचित दाब चालतो, तो बहुतेकांना आवडतो.
७. शेवटी पुन्हा नुसता हात ठेवून थांबावे, अंगावर पांघरूण घालावे आणि पाच मिनिटे पडू द्यावे.

एका दिवशी सर्व अंग केलेच पाहिजे असे नाही. आज पाठ, परवा पाय, असेही चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले आणि दिवसभर टिकले तर पुढच्या वेळी वेळ व दाब दोन्ही निम्मे करावेत. एका वहीत तारीख, दुखण्याचा आकडा आणि झोप कशी लागली हे लिहून ठेवावे. ही वही डॉक्टरांनाही उपयोगी पडते. विद्यार्थ्यांनी हे काम आपल्याकडे घ्यावे.

कोपीवर तेल, वेळ, आडोसा काहीच नसतो. तिथे कपड्यावरूनच, तेलाशिवाय, निजण्यापूर्वी पाच मिनिटे खांदे व पाय यांवरून सावकाश हात फिरवला तरी चालेल. घरी एकट्या राहणाऱ्या भगिनींनी आपल्या एका हाताने दुसरा हात, मांड्या व तळपाय करावेत.

केव्हा करू नये?

ताप असताना, जखम किंवा पुरळ असलेल्या जागी, नुकत्याच झालेल्या शस्त्रक्रियेच्या वा अस्थिभंगाच्या जागी मालिश करू नये. एकच पोटरी अचानक सुजून लाल व गरम झाली असेल तर तिला हातही लावू नये. रक्ताची गाठ असण्याची शक्यता असते, त्यामुळे तातडीने दवाखाना गाठावा. गर्भवती, कर्करोगाचे रुग्ण, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारे यांनी आधी डॉक्टरांना विचारावे. ज्या भगिनींचे गर्भाशयाबरोबर अंडाशयही कमी वयात काढले आहे, त्यांची हाडे ठिसूळ होऊ शकतात, त्यांच्या पाठीवर जोर देणे धोक्याचे आहे. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील तर गरम पिशवीने शेकू नये. चटका बसलेला कळत नाही.

वजन घटत जाणे, रोज ताप येणे, सांधे सुजणे, हातापायातली शक्ती जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, छातीत दुखणे ही लक्षणे या आजाराची नव्हेत. अशा वेळी मालिश करीत बसू नये, त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

सेवा कोणी करायची?

शेवटी एक प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. आपल्या घरांत सून सासूचे पाय चेपते, बायको नवऱ्याची पाठ चोळते. उलट कधी घडते? दिवसभर दोघांनी एकच कोयता चालवला, मोळ्या दोघांनी वाहिल्या, पण कोपीवर परतल्यावर चूल तिच्याच वाट्याला. तिच्या पाठीवरून हात फिरवला तर पुरुषाचा मान कमी होतो अशी समजूत अजून गेलेली नाही. समतेची भाषा आपण व्यासपीठावर करतो, ती घरात झोपण्यापूर्वीच्या दहा मिनिटांतही दिसली पाहिजे.

पाली साहित्यात संयुत्त निकायात एक प्रसंग आहे. श्रावस्तीच्या पूर्वारामात वृद्ध झालेले तथागत सायंकाळी उन्हाकडे पाठ करून बसले आहेत. आनंद जवळ येतो, त्यांचे अंग हाताने चोळू लागतो आणि त्वचेवर पडलेल्या सुरकुत्या पाहून हळहळतो. तथागत शांतपणे म्हातारपणाचे सत्य त्याला सांगतात. शरीर दुखते हे त्यांनी कधी लपवले नाही आणि शिष्याच्या हाताची सेवा त्यांनी नाकारली नाही. आजारी भिक्षूला स्वतःच्या हाताने धुऊन काढणारे तथागतही आपल्याला माहीत आहेत. बाबासाहेबांच्या पायांच्या दुखण्याविषयीही आपण वाचले आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री नानकचंद रत्तू यांनी त्यांचे पाय चेपून दिल्याची नोंद चरित्रात आहे. इतक्या थोर माणसांच्या अंगालाही कुणाच्या तरी हाताची गरज पडली. मग आपल्या आईने, पत्नीने ती मागितली तर तिला नाटकी का म्हणावे?

मावशी आजही पूर्ण बऱ्या नाहीत. थंडीत दुखणे वाढते, काही रात्री झोप येत नाही. पण आता त्या रोज सकाळी वस्तीच्या रस्त्याने फेरी मारतात, गोळी वेळेवर घेतात आणि आठवड्यातून तीन रात्री मुलगी त्यांच्या पाठीवरून हात फिरवते. मुलगी परीक्षेसाठी बाहेरगावी गेली तेव्हा ते काम नवऱ्याने केले. सुरुवातीला त्यांना संकोच वाटला. मग त्यांनीच विचारले, "आता किती? तीन का चार?"

वाचक बंधू-भगिनींनो, आपण सर्वांनी या प्रश्नापासून सुरुवात करावी. पुढच्या पौर्णिमेला भिंतीला टेकून बसलेल्या मातेला 'काय होतंय' म्हणून विचारावे आणि तिने 'काही नाही' म्हटले तरी उठून जाऊ नये, तिच्याजवळ आणखी थोडा वेळ बसावे, हीच आमची नम्र विनंती.